ऐकण्याची बाराखडी

ऑपरेशन झाले, कानात यंत्र बसले, की दुसऱ्या दिवसापासून बहिरा माणूस चारचौघांसारखा ऐकू लागतो, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. आणि हे आधी कुणी सांगितलेले नसले, म्हणजे घरात फार निराशा होते. लाखो रुपयांचे यंत्र ट्रंकेत जाऊन पडते. म्हणून हा धडा.

या यंत्राचे नाव कॉक्लिअर इम्प्लांट. नाव अवघड आहे. दोनदा मोठ्याने वाचा, म्हणजे जिभेवर बसेल. लोक नुसते 'कॉक्लिअर' म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

कानाला लावायचे साधे श्रवणयंत्र तुम्ही पाहिले असेल. ते आवाज मोठा करून कानात सोडते. ज्याच्या कानात थोडेफार ऐकणे शिल्लक आहे, त्याला त्याचा उपयोग होतो. पण ज्याचे कान आतूनच गेले, त्याच्या कानात आवाज कितीही मोठा करून सोडला तरी काय उपयोग? अशा माणसासाठी हे कॉक्लिअर असते.

कानाच्या आत

बाहेर दिसतो तो कान म्हणजे नुसते आवाज गोळा करायचे नरसाळे. खरे काम आत चालते. आवाज आत जाऊन कानाच्या पडद्यावर आदळतो. पडदा थरथरतो. पडद्यामागे तीन इवलीशी हाडे आहेत, तीही हलतात. त्यांच्या पलीकडे, कवटीच्या हाडात, वाटाण्याएवढा एक शंख आहे. गोगलगाईच्या पाठीवर असतो ना, तसाच. त्याला अडीच वेढे असतात.

या शंखात पाणी असते. त्या पाण्यात बारीक बारीक पेशी असतात आणि त्यांच्या टोकांना केसांसारखे तंतू असतात. पाणी हलले की तंतू हलतात. तंतू हलले की पेशी मेंदूकडे जाणाऱ्या नसेला निरोप देते. निरोप पोचवण्याचे मुख्य काम करणाऱ्या अशा पेशी एका कानात साडेतीन हजारांच्या आसपास असतात. त्यांची कामेही वाटून दिलेली आहेत. चिमणीची चिवचिव, कुकरची शिट्टी असे किनरे आवाज शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी घेतात. ढोल, बैलाचे हंबरणे असे जाड आवाज शंखाच्या अगदी आतल्या टोकाला जातात.

या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. काही मुलांच्या त्या जन्मापासूनच नीट नसतात. मेंदूज्वराने जातात, म्हातारपणी जातात, यंत्राच्या नाहीतर फटाक्याच्या मोठ्या आवाजाने जातात. काही औषधांनीही जातात. क्षयाचा हट्टी प्रकार असला म्हणजे पूर्वी महिनोन् महिने इंजेक्शने द्यावी लागत. त्यातल्या काही इंजेक्शनांनी कितीतरी लोकांचे कान गेले. आता त्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी गोळ्या आल्या आहेत. तरीसुद्धा, कोणतेही औषध चालू असताना कानात गुणगुण सुरू झाली, तर दवाखान्यात लगेच सांगावे. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

शंखात तार घालायची कशी?

पेशी मेल्या, तरी त्यांच्या मागची नस पुष्कळदा शाबूत असते. मग पेशींना वगळून त्या नसेलाच विजेचा हलका झटका दिला तर?

पॅरिस शहरात १९५७ साली जूर्नो आणि एरिएस या दोघांनी हे करून पाहिले. त्यांच्या रोग्याला आवाज आला. पण कसा? किनरा आवाज रेशीम फाडल्यासारखा आणि जाड आवाज गोणपाट फाडल्यासारखा. माणसाचे बोलणे काही त्याला कळले नाही. तरी एवढे ठरले, की विजेने आवाज ऐकवता येतो. पुढे अमेरिकेत, ऑस्ट्रियात, ऑस्ट्रेलियात डॉक्टर आणि इंजिनिअर या कामाला लागले.

ऑस्ट्रेलियातले ग्रॅम क्लार्क त्यांपैकी एक. त्यांच्या वडिलांचे औषधांचे दुकान होते आणि वडिलांना नीट ऐकू येत नसे. गिऱ्हाइकाला आपले दुखणे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे ओरडून सांगावे लागे. मुलाने हे लहानपणापासून पाहिले होते. मोठेपणी ते कानाचे डॉक्टर झाले. त्यांना अडचण आली ती अशी, की शंखाच्या वेढ्यांतून तार आत जाईना. मध्येच अडे आणि दुमडे. १९७७ साली ते सुट्टीत समुद्रावर गेले होते. तिथे वाळूत त्यांना एक शंख सापडला. त्यांनी गवताची पाती घेऊन त्यात घालून पाहिली. शेंड्याला लवचिक आणि बुडाला ताठ असलेले पाते वळणे घेत सरळ आत गेले. झाले, तारही तशीच करायची! आमच्या मते कोणत्याही शाळेत सांगावी अशी ही हकीकत आहे.

१ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्न शहरात क्लार्क यांनी आपल्या पहिल्या रोग्याच्या कानात हे यंत्र बसवले. अपघातात बहिरा झालेला तो एक गृहस्थ होता. यंत्रातून राष्ट्रगीताची चाल वाजवली, तेव्हा तो उठून उभा राहिला. चाल ओळखली, पण बोलणे कळायला आणखी काही महिने लागले. या गोष्टीतला हा भाग लोक विसरतात.

आजच्या यंत्राचे दोन भाग असतात. एक भाग ऑपरेशन करून कानामागे कातडीखाली बसवतात. त्याची बारीक तार शंखात जाते. तिच्यावर १२ ते २२ ठिकाणी विजेचे ठिपके असतात. दुसरा भाग बाहेर, कानावर अडकवायचा. त्यात आवाज टिपणारा माइक आणि छोटा संगणक असतो. त्याला प्रोसेसर म्हणतात. प्रोसेसरपासून एक गोल चकती निघते आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटून बसते. आवाज प्रोसेसरमध्ये जातो, तिथे त्याचे विजेचे इशारे होतात, ते चकतीतून कातडीपलीकडे जातात आणि तारेवरचे ठिपके नसेला डिवचतात.

पहिला दिवस

ऑपरेशननंतर जखम भरू देतात. साधारण दोन ते चार आठवड्यांनी बाहेरचा भाग लावतात आणि यंत्र चालू करतात. घरचे सगळे याच दिवसाची वाट पाहत असतात.

त्या दिवशी काय ऐकू येते? कुणाला नुसत्या घंट्या, पिंपिं, टिकटिक. कुणाला बोलणे ऐकू येते, पण बाहुल्या बोलाव्यात तसे चिरके. बाई, पुरुष, मूल, सगळ्यांचे आवाज सारखेच. एखाद्याला पहिल्याच दिवशी चार शब्द कळतातही. पण कळले नाहीत म्हणजे यंत्र बिघडले, असे मुळीच नाही.

असे का होते? एक तर साडेतीन हजार पेशींचे काम आता १२ नाहीतर २२ ठिपके करतात. अंगणात ठिपक्यांची मोठी रांगोळी काढायची, आणि ठिपके मात्र मोजके द्यायचे, तसे हे आहे. दुसरे असे, की तार पुष्कळदा शंखाच्या अगदी आतल्या टोकापर्यंत पोचत नाही. जाड आवाजाची जागा तर तिथे. त्यामुळे जाड आवाजही थोडा अलीकडच्या, म्हणजे किनऱ्या आवाजाच्या जागी वाजतो. मेंदू गोंधळतो. त्याला हे नवे इशारे ओळखू येत नाहीत.

आता तुम्हीच आठवा. वर्गात पहिल्या दिवशी आलात, तेव्हा फळ्यावर काय दिसले होते? रेघा आणि गोळे. डोळे चांगले होते, फळा स्वच्छ होता, उजेडही होता. तरी 'क' म्हणजे क हे कळत नव्हते. पुढे हळूहळू 'कमळ' दिसू लागले, आणि आता तर एसटीची पाटी न वाचण्याची सोय राहिली नाही. डोळा आपोआप वाचतो. कॉक्लिअर लावलेला माणूस पहिल्या दिवशी तुमच्या त्या पहिल्या दिवसावर असतो. त्याला आवाज येतो. अक्षर यायचे असते.

एका ताईंची हकीकत

आमच्या रात्रीच्या वर्गात एक ताई येत. नाव सांगायचे कारण नाही. वय पन्नाशीच्या आसपास. २०१६ साली क्षयाची ती इंजेक्शने घेता घेता त्यांचे दोन्ही कान गेले. क्षय बरा झाला. घरात मुलगा, सून, नात, म्हाताऱ्या सासूबाई. सगळे बोलत, आणि ताई एकेकाच्या तोंडाकडे पाहत. पुढे लोकांनी त्यांच्याशी बोलणेच सोडले. 'जाऊ द्या, तिला कुठं ऐकू येतंय' हे वाक्य त्यांना ओठांवरून अचूक कळे. ताई म्हणाल्या, 'गुरुजी, बोललेलं कळत नाही, लिहिलेलं तरी कळू दे.' म्हणून त्या वर्गात आल्या. दीड वर्षात चांगल्या वाचू लागल्या. पाढेही पाठ केले.

२०२२ साली मुलाने पतसंस्थेचे कर्ज काढले, दोन म्हशी विकल्या आणि पुण्यास नेऊन आईला कॉक्लिअर बसवले. यंत्र चालू करायच्या दिवशी घरी पेढे आणून ठेवले होते. ताई आल्या त्या रडत. 'पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाटतंय,' म्हणाल्या. 'पोरगा बोलला का सून बोलली, काही उमगेना.' सासूबाई म्हणाल्या, 'पैसा पाण्यात गेला.' हे मात्र ताईंना ऐकू आले नाही, ओठांवरून कळले.

मग ताईंनी काय केले? कुणी पाहुणे आले की यंत्र लावायचे, एरवी डब्यात. कारण यंत्र लावले की डोके दुखे. भांडे पडले की कानात सुरी घुसल्यासारखे होई. पंख्याची घरघर, प्लॅस्टिकच्या पिशवीची चुरचुर, आपल्याच चावण्याचा आवाज, सगळे एकदम अंगावर येई. आपल्याला हे आवाज ऐकू येतातच, पण मेंदूने ते बाजूला सारलेले असतात. त्यांच्या मेंदूला अजून बाजूला सारता येत नव्हते.

पंधरा दिवसांनी पुण्याच्या बाईंनी बोलावले होते. या बाई कानाची तपासणी करणाऱ्या, ऑडिओलॉजिस्ट. त्यांनी यंत्र संगणकाला जोडले आणि म्हणाल्या, 'ताई, तुम्ही रोज दीड तासच यंत्र लावता.' ताई चकित. यंत्रच सांगत होते! पुष्कळ प्रोसेसरांत अशी सोय असते, रोज किती तास लावले ते लिहिले जाते. आम्ही चाळीस वर्षे हजेरीपट मांडले, पण असा हजेरीपट पाहिला नव्हता.

बाईंनी दोन गोष्टी केल्या. भांड्याचा आवाज टोचतो म्हटल्यावर यंत्राची मापे बदलली. याला मॅपिंग म्हणतात. प्रत्येक ठिपक्यावर किती वीज सोडली म्हणजे जेमतेम ऐकू येते आणि किती सोडली म्हणजे सोसवते, हे माणसाला विचारून विचारून ठरवायचे. सुरुवातीला हे पुन्हा पुन्हा करावे लागते, कारण कान जसा रुळतो तशी मापे बदलतात. पुढे वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी पुरते. दुसरी गोष्ट, बाईंनी बजावले: सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत यंत्र लावायचे. थकवा आला तर अर्धा तास काढून पडायचे, आणि पुन्हा लावायचे.

मुलगा आमच्याकडे आला. 'गुरुजी, रोज थोडं वाचून दाखवाल का आईला?' आम्ही म्हटले, वाचू की. रोज संध्याकाळी अर्धा तास. ताईंच्या पुढे पुस्तक उघडे. आम्ही सावकाश वाचायचे आणि त्यांनी ओळीवर बोट फिरवायचे. डोळा शब्द पाहतो, त्याच वेळी कान तोच शब्द ऐकतो, आणि मेंदू दोहोंची गाठ मारतो. दहा-बारा दिवसांनी आम्ही मध्येच थांबू लागलो. 'ताई, बोट कुठे आहे?' बोट बरोबर थांबलेल्या शब्दावर असे. ताई त्या दिवशी हसल्या.

त्यांच्या नातीची मदत मात्र आमच्याहून मोठी. पोरगी रोज पाढे म्हणे. पाढ्याला ठेका असतो, आणि पुढे काय येणार हे ठाऊक असते. ताई भाकरी थापत बसलेल्या, पाठ पोरीकडे. पोरगी 'सात चोक' म्हणून अडली. ताई मागे न पाहता म्हणाल्या, 'अठ्ठावीस.' सून तव्यावरची भाकरी विसरली. यंत्र चालू झाल्याला तेव्हा सात आठवडे झाले होते.

अभ्यास कसा करावा

ज्यांच्या घरी असे कुणी असेल, त्यांच्यासाठी थोडे नीट सांगतो.

रोज सकाळी यंत्र लावल्यावर सहा आवाज काढून पाहावेत: आ, ई, ऊ, श, स, म. डॅनिएल लिंग नावाच्या शिक्षकांनी हे सहा आवाज निवडले. म आणि ऊ हे जाड, श आणि स हे किनरे, बाकीचे मधले. बोलण्यातले जाडापासून किनऱ्यापर्यंतचे आवाज या सहांत येतात. तोंड दिसू न देता, थोडे मागे उभे राहून म्हणावे. ऐकणाऱ्याने तोच आवाज परत म्हणावा. काल 'स' ऐकू येत होता आणि आज येत नाही, असे झाले, तर बॅटरी पाहावी, माइकला घाम-धूळ लागली का पाहावे, नाहीतर बाईंना फोन करावा.

सुरुवात आवाज ओळखण्यापासून. कुकर, कोंबडा, मोटारसायकल, दारावरची थाप. आवाज झाला की घरच्यांनी बोट दाखवून सांगावे, 'हा कुकर.' सांगितल्याशिवाय त्याला कसे कळावे? मग शब्द. पहिल्यांदा एक लांब आणि एक आखूड घ्यावा: 'दूध' आणि 'शेंगदाण्याची चटणी'. या दोहोंतला कोणता, एवढेच ओळखायचे. ते जमले की सारख्या लांबीचे: 'भाकरी' आणि 'कोबी', 'पाऊस' आणि 'गवत'. मग जवळजवळचे: 'दार' आणि 'तार', 'पाट' आणि 'ताट'. आठवड्याचे वार, घरातल्यांची नावे, बाजारातल्या भाज्या यांची यादी समोर ठेवून त्यातला एक म्हणावा. यादी दिसत असली की ओझे हलके होते. पुढे यादी काढून घ्यावी.

हा अभ्यास करताना तोंडापुढे कागद धरावा. हाताने तोंड दाबू नये, त्याने आवाजच घुसमटतो. पण हे फक्त अभ्यासापुरते. एरवी बोलताना तोंड दिसू द्यावे. 'मामा', 'पापा', 'बाबा' हे ओठांवर सारखेच दिसतात, पण कानाला वेगळे येतात. 'किती' आणि 'गिरी' यांत ओठ फारसे सांगत नाहीत. एकाचे अपुरे दुसरे पुरे करते.

आणि घरच्यांनी ओरडू नये. हे फार महत्त्वाचे आहे. ओरडले की यंत्रात आवाज फाटतो, चेहराही रागीट दिसतो. आधी हाक मारावी, तो वळला की बोलावे. एका वेळी एकाने बोलावे. नाही कळले तर तेच वाक्य जोरात न म्हणता शब्द बदलून म्हणावे. टीव्ही बंद करावा. यंत्र एकाच कानाला असेल तर त्या बाजूला बसावे. एका कानाने आवाज कुठून आला ते नीट कळत नाही. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न ऐकू येईल, पण ट्रक पुढून येतो की मागून, हे कळणार नाही. म्हणून रस्ता पाहूनच ओलांडावा.

पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळ फरक पडतो. मग सावकाश, वर्षभर, आणि पुढेही थोडा थोडा पडत राहतो. शांत घरात एका माणसाशी बोलणे लवकर जमते. लग्नाचा मांडव, बाजार, फोन ही त्यापुढची पायरी आहे. गाणे सर्वांत अवघड. ठेका कळतो, सूर नीट कळत नाही, कारण इतक्या थोड्या ठिपक्यांत सूर मावत नाहीत. आमच्या ताईंना टाळ-मृदंग आवडतो, पेटी वाजू लागली की त्या चकती काढून ठेवतात. देवळात कुणाला राग आला तरी त्या ऐकत नाहीत. आम्हाला त्यात काही वावगे वाटत नाही.

कुणाला, आणि केव्हा

आधी ऐकत-बोलत होता आणि मग बहिरा झाला, अशा माणसाच्या मेंदूत भाषा साठवलेली असते. त्याला जुन्या ओळखी नव्याने जुळवायच्या असतात. बहिरेपणाला फार वर्षे झाली नसली तर बरे.

जन्मापासून बहिऱ्या मुलाचे तसे नाही. त्याला भाषाही यंत्रातूनच शिकायची असते. मेंदूचे हे शिकण्याचे दिवस लहानपणीचे, पहिल्या दोन-चार वर्षांचे. त्या वेळी यंत्र बसले आणि पाठोपाठ बोलण्याची शिकवणी मिळाली, तर पुष्कळ मुले बोलू लागतात, साध्या शाळेत जातात. जन्मापासून बहिरा माणूस मोठेपणी हे यंत्र बसवून घेईल, तर त्याला आवाजाची जाग येईल, पण बोलणे उलगडण्याची आशा थोडी. असे लोक हातांच्या खुणांच्या भाषेत उत्तम बोलतात. ती पुरी भाषा आहे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

म्हणून तान्ह्या मुलावर लक्ष ठेवा. थाळी पडली आणि बाळ दचकले नाही, सहा-सात महिन्यांचे होऊनही हाकेकडे वळत नाही, वर्षाचे होऊन 'बाबा', 'दादा' करत नाही, तर 'आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात' असे म्हणून बसू नका. अंगणवाडी ताईंना, आशाताईंना सांगा, जिल्हा रुग्णालयात कान तपासून घ्या. लहान मुलांसाठी केंद्र सरकारची 'एडिप' नावाची योजना आहे. २०१४ सालापासून तिच्यात कॉक्लिअरचाही समावेश झाला. तेव्हा एका यंत्रामागे सहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद होती. वयाची आणि घरच्या उत्पन्नाची अट असते, म्हणून उशीर करून चालत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ती १९८३ साली स्थापन झाली. या योजनेची चौकशी तिथे करता येते.

यंत्राची निगा

आंघोळीला आणि झोपताना बाहेरचा भाग काढावा. काढला की माणूस पुन्हा पूर्ण बहिरा, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे. रात्री दाराला कुणी थाप मारली, आग लागली, तर त्याला हलवून उठवायला हवे. पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत यंत्र रात्री ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. गोळ्या दवाखान्यातून मिळतात. डोक्याला मार बसू देऊ नये. गाडीवर मागे बसले तरी हेल्मेट हवे.

आत लोहचुंबक असते, म्हणून एमआरआय नावाची तपासणी करायची वेळ आली तर आधी यंत्राचे कार्ड दाखवावे. ते कार्ड आधार कार्डाबरोबर जवळ बाळगावे. कॉक्लिअर असलेल्यांना मेंदूज्वराचा धोका इतरांहून थोडा जास्त असतो. त्यासाठी लस असते, ती घेतली का हे डॉक्टरांना विचारावे.

खर्चाचे आधीच बोलून घ्यावे. ऑपरेशनबरोबर खर्च संपत नाही. बॅटऱ्या लागतात, चकतीची वायर तुटते, काही वर्षांनी प्रोसेसर बदलावा लागतो. हमी किती वर्षांची, सुटे भाग कुठे मिळतात, मॅपिंगला किती वेळा यावे लागेल, प्रत्येक खेपेला काय पडेल, हे सगळे ऑपरेशनच्या आधी विचारून कागदावर लिहून घ्यावे. तुम्हाला आता लिहिता येते. दुसऱ्याने लिहून दिले असेल तर सही करण्याआधी सगळे वाचून पाहावे, आणि एखादी ओळ कळली नाही तर तिथेच थांबून विचारावे.